तो आवाज ऐकलास तर थांबव

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फेब्रुवारीत हिमाचल, गटात सात जण, म्होरक्या त्या वाटेनं चारदा जाऊन आलेला. आणि तू चोर्ल्याचा घाट नि राजहंसगड सोडून फारशी कुठं न गेलेली. बर्फाचा उतार सुटून खाली येईल अशी शंका आली तर ‘मी नवखी, मी काय बोलू?’ असं विचारतेस. बोलायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. बेळगावातून चौघे गेलो होतो. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलेलं. ओढा ओलांडून उतारावर लागलो आणि पायाखाली धप्प झालं. भाताचं पोतं जमिनीवर टाकल्यावर येतो तसा दबका आवाज. माझ्या बुटापासून एक बारीक चीर निघाली आणि दहा-बारा हात आडवी पळत गेली. मी ती बघितली. पुढचे तिघे वर बघत चालले होते. रजा संपत आलेली, परतीचं गोवा एक्सप्रेसचं तिकीट खिशात, म्होरक्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी गप्प बसलो.

आम्ही पार झालो, काही झालं नाही. तासाभरानं दोन अनोळखी पोरं आमच्याच पावलांवर पाय ठेवत आली आणि अख्खा उतार सुटला. एक कडेला फेकला गेला, तो वाचला. दुसऱ्याला आम्ही जेवणाच्या ताटांनी उकरलं. फावडं कुणाकडंच नव्हतं. चाळीस मिनिटं लागली. तो गेला होता.

तो आवाज कसला, हे घरीच करून बघ. परातीत साखर पसर, वर कालची कडक भाकरी ठेव आणि परात हळूहळू तिरकी कर. बराच वेळ भाकरी हलत नाही, मग एकदम सगळीच सुटते. बर्फ पातळ असला, तळाशी जमिनीची ऊब आणि वर कडाक्याची थंडी असली, की खालचा बर्फ असाच साखरेसारखा दाणेदार होतो, एकमेकाला धरत नाही. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा धारेपलीकडचा बर्फ आणून आडोशाच्या बाजूला थापतो आणि वरचा थर पाटासारखा घट्ट होतो. खालचा दाणा मोडला की धप्प. असे पाट बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे चालायला बरा वाटतो तसल्याच. फोनमध्ये कोन मोजता येतो, मोजत जा. आणि माणसं गाडली जातात तेव्हा बहुतेक वेळा तो पाट त्यांनी किंवा त्यांच्याच सोबत्यानं सोडलेला असतो. म्हणून तर बोलायचं.

हनुमंतप्पांचं उदाहरण दिलंस, त्याचा मला थोडा राग आला. २०१६ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचा हा जवान सियाचिनला सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाला, तेव्हा इथं घराघरात लोक टीव्हीपुढून हलत नव्हते. पण सोबतचे नऊ जण गेले आणि ११ तारखेला तोही गेला. त्याच्यावर हिशेब मांडू नकोस. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बरेच जण वाचतात, पुढं आशा भराभर घटते. गाव लांब, हेलिकॉप्टर त्याहून लांब. काढणार ते तुझे सहा जणच. प्रत्येकाच्या अंगावर गाडलेल्याचा ठाव सांगणारा बीकन, पाठीवर बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी, म्हणजे प्रोब, आणि फावडं नसेल तर जाऊच नकोस.

आणि म्होरक्या चारदा गेलाय म्हणून उतार धरून राहत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उतार सुटून जे गेले, त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलेली बाई. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. अनुभवी माणूस सोबत आहे म्हणून नवख्यानं डोळे मिटू नयेत, एवढंच म्हणतोय.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशीलच. तीनदा मी गट मागं फिरवलाय. एकदा दुसऱ्याच गटानं दुसऱ्या दिवशी तोच उतार पार केला आणि आमच्यातल्या काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी घाबरट झालोय म्हणतात. म्हणोत. त्या दिवशी उतार टिकला म्हणून मी चुकलो असं होत नाही. तो टिकेल की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि सव्वीस वर्षांच्या मला तेव्हा हे कुणी शिकवलं नव्हतं, बीकन मी डोळ्यांनी बघितला नव्हता, म्होरक्या मी नव्हतो. सगळं खरं आहे. पण चीर मी बघितली होती, आणि ती बघणारा मी एकटाच होतो.

तुझी हिंदी कच्ची आहे म्हणून संकोचू नकोस. ‘रुको’ एवढं येतंय ना? तेवढं पुरतं. लोक हसतील, चिडतील, एखादा पुढं जाईलही. तू थांब आणि परत सांग.

आजच म्होरक्याला फोन कर आणि विचार: सातांतल्या एकानं जरी नको म्हटलं, तर सगळे फिरणार का? काय म्हणतो ते मला कळव. रविवारी शहापुराला घरी ये. फावडं काढून ठेवलंय, दांडा सुटा होतो, पिशवीत मावतं.

तुझा,
काका