बर्फ उठून का दिसत नाही?

प्रश्न : पांढऱ्या कापडावर फुलीच्या टाक्याने हिवाळ्यातले निसर्गचित्र भरते आहे. १४ काउंटचे (म्हणजे इंचाला १४ फुल्या बसणारे) कापड, नमुना १४० × ९८ फुल्यांचा. बर्फ सपाट आणि मळकट वाटतो. काय चुकतंय?

उत्तर : पांढऱ्यावर पांढरे भरले की बर्फ हरवणारच. बर्फाला आकार येतो तो सावलीमुळे. डीएमसी या कंपनीच्या दोऱ्यांतला बी५२०० नंबरचा झगझगीत पांढरा फक्त उन्हाच्या बाजूला ठेवा. उताराला ७६२ फिकट राखाडी वापरा आणि झाडांच्या सावलीत ३७५३ व ३७५२ हे निळे. पुढच्या वेळी कापडच फिकट निळे घ्या, अर्धे काम तिथेच होते.

मळकटपणा बहुतेक मागच्या बाजूने येतो. झाडाचा काळा-तपकिरी दोरा बर्फामागून ओढत नेला, तर तो पुढून दिसतो. प्रत्येक खोड तिथेच संपवून दोरा कापा, कंटाळा करू नका. बर्फ आधी भरा, गडद रंग नंतर. दोन पदर, २४ नंबरची बोथट सुई आणि दोरा ४५ सेंमीच. लांब दोऱ्याला केस फुटतात. फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा, नाहीतर पांढऱ्यात चमक तुटक दिसते.

प्रश्न : फ्रेमसाठी कापड किती?

उत्तर : १४० ÷ १४ म्हणजे १० इंच, ९८ ÷ १४ म्हणजे ७. चारही बाजूंना ३ इंच सोडून १६ × १३ इंच.

पडणारा बर्फ मात्र अगदी शेवटी, एका पदराच्या गाठींनी.