गाडीच्या तळाचा गंजलेला पत्रा घरच्या घरी दुरुस्त करता येतो का?

आपण विचारले आहे की, कोकणात वापरलेल्या जुन्या मारुती ८००मध्ये चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून भोक पडले असेल, तर एम-सील किंवा फायबर-रेझिन लावून भागेल का. पाणी काही महिने अडेल; मात्र पत्र्याला ताकद मिळणार नाही, आणि या गाडीला वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नसल्यामुळे तळाचा पत्रा हाच तिच्या सांगाड्याचा भाग असतो. शिवाय झाकलेला गंज आत ओल धरून पसरतच राहतो. अॅल्युमिनियमचा तुकडा रिपिटांनी बसवण्याचा उपाय तर मला मुळीच मान्य नाही, कारण खारट ओलाव्यात दोन धातू एकमेकांना भिडले की अॅल्युमिनियम झपाट्याने झिजते.

प्रथम मॅट काढून स्क्रूड्रायव्हरने भोकाभोवती टोचून पाहावे. गंज सीटच्या किंवा सीटबेल्टच्या बोल्टपर्यंत, अथवा दारांखालच्या कडेच्या पेटीसारख्या पट्टीपर्यंत पोहोचला असेल, तर गाडी चालवू नये. अन्यथा पत्रेकाम करणाऱ्याकडून निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून, त्याच जाडीचा पोलादी तुकडा वेल्डिंगने बसवून घ्यावा; त्याआधी बॅटरीची तार सोडलेली आणि खालून जाणाऱ्या पेट्रोल व ब्रेकच्या नळ्या बाजूला घेतलेल्या असल्याची स्वतः खात्री करावी, कारण वेल्डिंगच्या ठिणगीने गाडी पेटू शकते. नंतर झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि खालून अंडरकोटिंग (गंजरोधक जाड लेप) द्यावे. तळाची रबरी बुचे नीट बसवावीत आणि पावसाळ्यात मॅट वरचेवर उचलून वाळवावी.