लष्करी विमानांच्या एव्हिऑनिक्स आणि कंपोनंट वर्कशॉपचा सुपरवायझर झालो आहे, दुरुस्तीला लागणारा वेळ कसा कमी करू?

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय की आलेल्या बॉक्सपैकी, म्हणजे विमानातून काढून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांपैकी, बरेच 'नो फॉल्ट फाउंड' (दोष सापडला नाही) असा शेरा घेऊन त्याच दिवशी परत जातात, ती बाजू ठीक चाललीय, अडचण फक्त उरलेल्यांची आहे. या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलो. ती बाजू ठीक चाललेली नाही. तुमच्या माणसांचा वेळ तिथेच गळतोय. एकच बॉक्स तीनदा येतो आणि तक्त्यात तीन झटपट दुरुस्त्या म्हणून मोजला जातो, म्हणून ते दिसत नाही एवढंच.

'बेंचवर (वर्कशॉपच्या चाचणी टेबलावर) पास झाला म्हणजे बॉक्स चांगला' असं म्हणणारे सुपरवायझर पुष्कळ आहेत. त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही आणि पटणारही नाही. बेंचवर पास झाला याचा अर्थ एवढाच की पंचवीस अंश तापमानात, सपाट टेबलावर, अठ्ठावीस व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर, बेंचच्या धडधाकट केबलने जोडलेला असताना तो चालला. विमानात तोच बॉक्स थंडीने आखडतो, कंप सोसतो आणि पंधरा वर्षं जुन्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, जोडलेला असतो. वैमानिकाने तक्रार लिहिली असेल तर काहीतरी घडलेलं आहे. ते तुमच्या बेंचवर का घडलं नाही, हे शोधणं हेच तुमच्या माणसांचं काम.

एका बॉक्सचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण सुपरवायझरने काय पाहायला हवं ते सगळं त्यात आहे. एअर डेटा कॉम्प्युटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची आणि वेग काढणारा बॉक्स. तक्रार अशी की वर चढताना उंचीचं वाचन काही सेकंद गेलं आणि आपोआप परत आलं. बेंचवर पूर्ण चाचणी पास, शेरा 'नो फॉल्ट फाउंड', बॉक्स स्टोअरमध्ये. पुढे दुसऱ्या विमानातून तीच तक्रार, मग तिसऱ्या विमानातून. दर वेळी बेंचवर वेगळा टेक्निशियन होता, त्यामुळे हा तोच सिरियल नंबर आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. नोंदी विमानाच्या क्रमांकाने लावलेल्या होत्या. सिरियल नंबरने लावल्यावर दोन मिनिटांत चित्र स्पष्ट झालं, की दोष बॉक्ससोबत फिरतोय. तो विमानासोबत राहिला असता, म्हणजे बॉक्स बदलूनही त्याच विमानात तीच तक्रार आली असती, तर बॉक्स उघडायचंच कारण नव्हतं. तेव्हा हार्नेस, कनेक्टर आणि रॅक बघायचे. म्हणून सिरियल नंबर, विमान क्रमांक आणि वैमानिकाचे शब्द जसेच्या तसे, एवढे तीन रकाने असलेली वही आजच सुरू करा. 'बॉक्स खराब' असं भाषांतर करून लिहू देऊ नका. 'चढताना' हा एक शब्द त्या वहीत असता तर दुसऱ्याच खेपेला थंडीचा संशय आला असता.

पुढे तो बॉक्स कोल्ड चेंबरमध्ये गेला. वीज बंद ठेवून उणे ५४ अंशांवर आतपर्यंत गार होऊ दिला. त्या आकाराच्या बॉक्सला साधारण दोन तास लागतात, बाहेरचं आवरण गार झालं म्हणजे आतलं कार्ड (सर्किट बोर्ड) गार झालं असं नसतं. मग वीज दिली, तर बॉक्स व्यवस्थित चालला. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पुन्हा तोच शेरा मारतात. चेंबरचं तापमान मिनिटाला दोन अंशांच्या गतीने वर नेत आउटपुटची नोंद चालू ठेवली, तेव्हा उणे २० ते उणे १२ या पट्ट्यात दोनदा वाचन गेलं. तडा गेलेल्या सोल्डर जोडाच्या बाबतीत असं होऊ शकतं. टोकाच्या थंडीत कार्ड आणि सुटा भाग वेगवेगळ्या प्रमाणात आखडून तड्याच्या दोन्ही कडा दाबल्या जातात, खोलीच्या तापमानालाही त्या टेकलेल्या असतात, आणि फट उघडते ती मधल्या पट्ट्यात. चेंबरमधून काढलेला गार बॉक्स लगेच उघडायचा नाही, आत दव धरतं. कोरड्या हवेत खोलीच्या तापमानावर येऊ द्यायचा. आणि फ्रीझ स्प्रे हा यावरचा तोडगा नव्हे. त्याच्या फवाऱ्याने स्थिर वीज तयार होते आणि अचानक बसलेल्या गारठ्याने चांगले जोडही तडकू शकतात.

दोष निघाला पॉवर सप्लाय कार्डवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या एका पायात. सरळ उजेडात मायक्रोस्कोपखाली काही दिसत नव्हतं, कार्डावरच्या संरक्षक कोटिंगची चकाकी सगळं झाकून टाकते. दिवा बाजूने तिरपा धरला तेव्हा पायाभोवती केसाएवढी मळकट गोल रेघ दिसली. लाकडी काडीने ट्रान्सफॉर्मर हलकेच दाबला की ती रेघ उघडायची. पण तडा हे कारण नव्हतं, तो परिणाम होता. जुनं जॉब कार्ड काढलं तर हा ट्रान्सफॉर्मर आधी एकदा बदललेला होता, आणि बदलणाऱ्याने तो कोपऱ्यांवर ॲडहेसिव्हने कार्डाला पुन्हा चिकटवलाच नव्हता. सगळं वजन पायांवर आलं. कंपनाने सोल्डर हळूहळू थकला. वरून कोटिंग चढल्यावर ते कुणाला दिसण्यातलं नव्हतं.

हा सुपरवायझरचा दोष, टेक्निशियनचा नव्हे. तपासणी ठेवली होती काम संपल्यावर. ती हवी होती कोटिंगच्या आधी आणि कव्हर बंद करण्याच्या आधी, आणि ज्याने काम केलं त्याच्याखेरीज दुसऱ्या माणसाने केलेली. जॉब कार्डवर हे दोन थांबे छापून घ्या. सही झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

दुरुस्तीतही लोक घाई करतात. तड्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून सोल्डर पुन्हा वितळवला की जोड चकचकीत दिसतो, चाचणी पास होते आणि काही महिन्यांनी बॉक्स परत येतो, कारण आतला गंजलेला पृष्ठभाग तसाच राहिलेला असतो. जुना सोल्डर पूर्ण ओढून काढायचा, पाय साफ करून फ्लक्स लावायचा आणि नवा ६३-३७ कथील-शिशाचा सोल्डर भरायचा. तो १८३ अंशांवर वितळतो. आयर्नचं टोक ३१५ अंशांच्या आसपास ठेवलं तर एका जोडाला दोन-तीन सेकंद पुरतात. ट्रान्सफॉर्मरचा पाय जाड ग्राउंड प्लेनला, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या तांब्याच्या मोठ्या थराला, जोडलेला असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही. कार्ड खालून आधी तापवून घ्या, नाहीतर माणूस टोक दाबून धरतो आणि पॅड (पाय जोडायची तांब्याची टिकली) उखडतो. मग स्वच्छता, वाळवण, कोपऱ्यांवर ॲडहेसिव्ह, तपासणी, आणि त्यानंतर कोटिंग. ॲक्रिलिक असेल तर ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर. सुट्या भागाच्या पोटाखाली ते साचू द्यायचं नाही, तापल्यावर फुगून भागाला वर ढकलतं. बदली भाग शिसेविरहित आला असेल तर पायांवर शुद्ध कथिलाचा मुलामा आहे का ते आधी बघा. त्यातून कथिलाच्या बारीक सुया वाढतात आणि शॉर्ट करतात.

आता दोष विमानासोबत राहतो तेव्हा. इथे सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे मल्टिमीटरचा प्रोब. विमानांत सर्रास असणाऱ्या ३८९९९ मालिकेच्या गोल कनेक्टरमधली २२डी मापाची पिन जेमतेम ०.७६ मिलिमीटर जाडीची असते. त्याच मापाच्या सॉकेटमध्ये कुणी प्रोबचं जाड टोक खुपसलं की आतल्या पाकळ्या पसरतात आणि पुढे ती पिन सैलच बसते. जमिनीवर सगळं ठीक, हवेत तक्रार. मोजायला त्याच मापाची जोड-पिन लावलेली वायर वापरायची, दुसरं काही नाही. कॉन्टॅक्ट (पिन किंवा सॉकेट) पूर्ण बसला नसेल तर जोडताना मागे सरकतो, तेव्हा बसवल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून बघायलाच हवी. वायरवर कॉन्टॅक्ट दाबून बसवणाऱ्या क्रिंपिंग टूलचं माप तपासायचा गो-नोगो गेज कपाटात पडून आहे की रोज वापरात आहे तेही स्वतः जाऊन पाहा.

१५५३बी डेटा बस, म्हणजे बॉक्सना एकमेकांशी जोडणारी लष्करी मानकाची संदेशवाहिनी, असेल तर आणखी एक सापळा आहे. बस दोन असतात, ए आणि बी. ए वर टर्मिनेटर (बसच्या टोकाचा रोध) सैल झाला किंवा स्टबचा (बसपासून बॉक्सपर्यंतच्या फाट्याचा) शील्ड तुटला तरी बस कंट्रोलर तोच संदेश बी वरून काढून घेतो, आणि वैमानिकाला काहीच कळत नाही. तक्रार येते ती बी सुद्धा बिघडल्यावर. म्हणून 'बस पास' एवढ्या निकालावर सही करू नका. ए आणि बी च्या चुकांची मोजणी वेगवेगळी मागा.

पुरवठ्याचंही तसंच. मिल-स्टँडर्ड-७०४ या विमानातल्या विजेच्या अमेरिकी लष्करी मानकाप्रमाणे विमानाचा डीसी पुरवठा नेहमीच्या स्थितीतसुद्धा २२ ते २९ व्होल्ट असू शकतो, आणि एसी १०८ ते ११८ व्होल्ट. बेंचवर कायम २८.० लावून घेतलेली चाचणी मी अर्धी चाचणी मानतो. म्हाताऱ्या कपॅसिटरचा पॉवर सप्लाय २८ वर ठणठणीत चालतो आणि २२ वर रीसेट होतो.

स्थिर विजेबद्दल एवढंच, की रिस्ट स्ट्रॅपमध्ये (अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणाऱ्या मनगटपट्ट्यात) एक मेगओहमचा रोध असतो आणि स्ट्रॅप रोज तपासायचा असतो. माणसाला झटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला. काही सुटे भाग १०० व्होल्टलाही जायबंदी होतात, आणि जायबंदी झालेला भाग त्या दिवशी पास होतो. 'मला तर कधी झटका बसला नाही' हा युक्तिवाद कुणाचाही ऐकून घेऊ नका.

तुमचा मूळ प्रश्न वेळेचा होता. बहुतेक वेळ सोल्डरिंग आयर्न हातात असताना जात नाही, वाट पाहण्यात जातो. भागाची वाट, टेस्ट स्टेशनची वाट, सहीची वाट. प्रत्येक बॉक्सच्या टॅगवर तो कशासाठी थांबलाय आणि कधीपासून, हे लिहायला लावा आणि पंधरवडाभर फक्त ते वाचा. आणि दुसऱ्या बॉक्समधून कार्ड काढून पहिला भागवण्याची सवय मोडा. त्यात दुप्पट काम होतं, दोन्ही बॉक्सचा इतिहास बिघडतो, आणि काढल्या-घातल्याने कनेक्टर झिजतात तो तोटा निराळाच. तातडीच्या मोहिमेसाठी करावं लागलं तर दोन्ही जॉब कार्डांवर नोंद झालीच पाहिजे.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगतो. थंडीची चाचणी, २२ व्होल्टची चाचणी, कोटिंगचा प्रकार, सोल्डरचं तापमान, यांतलं काहीही तुमच्या मंजूर मॅन्युअलमध्ये नसेल तर स्वतःच्या अधिकारात सुरू करू नका. काही बॉक्सना उणे ४० च्या खाली नेऊन वीज द्यायची परवानगीच नसते. अभियांत्रिकी विभागाकडून लेखी मंजुरी घ्या. ती मागताना एकाच सिरियल नंबरच्या तीन तक्रारी समोर ठेवल्यात तर सहसा मिळते. आणि सगळेच बॉक्स चेंबरमध्ये घालू नका, तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. एकच सिरियल नंबर एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा आला की लाल टॅग लावायचा, नेहमीची चाचणी पास झाली तरी स्टोअरमध्ये पाठवायचा नाही, आणि तो टॅग काढायची सही फक्त तुमची.