मार्क ६ मध्ये (टर्बाइनची कंट्रोल सिस्टिम) रिले उचलतो, म्हणजे ऑन होतो, पण सोलेनॉइड चालत नाही. बोर्ड बदलावा का?

एवढ्यात नको. जीईच्या मार्क ६ मधल्या टीआरएलवाय एच१बी या रिले आउटपुट बोर्डावर १२ रिले असतात. पहिले ६ रिले जंपर लावून सोलेनॉइडला बोर्डावरूनच सप्लाय देतात. जंपर काढला की तोच ड्राय कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःचा सप्लाय नसलेला नुसता स्विच. ७ ते ११ कायम ड्राय, त्यांना सप्लाय बाहेरून आणावा लागतो. (बारावा इग्निशनसारख्या खास कामासाठी.) तेव्हा तुमची वायर कितव्या रिलेवर आहे, ते आधी ड्रॉइंगमध्ये बघा. पहिल्या सहांत असेल तर जंपर आणि फ्यूज तपासा. माझा पहिला संशय फ्यूजवरच. मग सोलेनॉइडच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. टीएमआर पॅनेलमध्ये (तीन कंट्रोलर एकत्र चालणारे) तिघांपैकी दोन कंट्रोलरांची कमांड आल्यावर रिले उचलतो. तुमचा उचलतोय, म्हणजे या व्होटिंगच्या मागे लागू नका. ट्रिप सोलेनॉइड (टर्बाइन तातडीने बंद करणारा) असेल तर मात्र हा बोर्डच नव्हे; ते प्रोटेक्शनच्या वेगळ्या बोर्डांवर असतात.