मदत केली, पण समोरच्याने साधे आभारही मानले नाहीत. ख्रिस्ती माणसाने काय करावं?

देत राहावं, आणि आभारांची वाट बघणं सोडून द्यावं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशू म्हणतो, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका. गुप्तपणे दिलेलं पिता, म्हणजे देव, पाहतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात तर तो ज्यांना परतफेड जमणारच नाही अशांनाच जेवायला बोलवा, असं सांगतो. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे शिधा वाटताना मला हे खरं कळलं. घरात घोटाभर चिखल, भिजलेली गादी दारात टाकलेली. त्या ताईंनी पिशवी घेतली आणि काही न बोलता पुन्हा खराटा हातात घेतला. आमच्याकडे बघायची उसंतच नव्हती त्यांना. अशा माणसाला फोटोसाठी थांबवणं मला तरी पटत नाही. मात्र वाईट वाटलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात आणि एकटा शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परकं मानत त्या समाजातला माणूस, आभार मानायला परत येतो, तेव्हा येशूही विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? पण त्या नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.