बोटीवरचा मुलगा झोपतो कधी?

प्रश्न : माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून गोव्यात नोकरीला होता. आता मोठ्या बोटीवर लागलाय. जानेवारीत साउदम्प्टनहून सुटलेली बोट जगाला फेरी घालून एप्रिलअखेर परत जाणार म्हणे. सध्या ऑस्ट्रेलियाच्या बाजूला आहे. काम काय, तर गॅलीत भांडी धुण्याचं. एवढं शिकून भांडी? रात्री आमची जेवणं झाली की फोन करते, तर अर्धवट झोपेत बोलतो, नाहीतर उचलतच नाही. तो झोपतो तरी कधी? गावातला एक मुलगा त्याच बोटीवर जाणार आहे, त्याच्याबरोबर कुंदा आणि शेंगदाण्याची चटणी पाठवू का? – एक आई, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : अक्का, आधी भांड्यांचं बोलू. बोटीच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात आणि तिथे नवा मुलगा बहुतेक वेळा सिंकपाशीच उभा राहतो. मीही तिथूनच चढत कुक झालो. क्वीन मेरी २ सारख्या बोटीवर अडीच हजारांवर प्रवासी असतात, तीन वेळची जेवणं, मधली खाणी वेगळी. ताटं मशीनमध्ये जातात, शेवटचं पाणी ८२ अंशांचं, त्यामुळे बाहेर आलेलं ताट हाताला चटका देतं. ते फडक्याने पुसायचं नाही, हवेवरच वाळू द्यायचं. मोठी पातेली हाताने, तीन सिंकांत : एकात धुवायची, दुसऱ्यात खळबळायची, तिसऱ्यात जंतुनाशकात बुडवायची. अमेरिकी बंदरात तिथल्या सरकारचे आरोग्य तपासनीस न कळवता बोटीवर चढतात. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण पडले की बोट नापास, आणि तो निकाल जगजाहीर होतो. अडीच हजार माणसं एका स्वयंपाकघराचं जेवतात, तिथे एका मळक्या ताटाने साथ पसरू शकते. तुमच्या मुलाचं काम ही साथ अडवण्याचं आहे. ते हलकं समजू नका, आणि त्यालाही तसं वाटू देऊ नका.

आता झोपेचं. खरी ओढाताण तिचीच असते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावीच लागते. पण त्या दहा तासांचे दोन तुकडे करता येतात, त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. म्हणजे रात्री सहा तास आणि दुपारी एक डुलकी, असा हिशेब. सकाळच्या नाश्त्याची भांडी, दुपारची, मग तीन ते पाचच्या सुमारास मोकळा वेळ, पुन्हा रात्रीच्या जेवणाची, ती आवरेपर्यंत अकरा. त्या दुपारच्या वेळेतच कधी ड्रिल, म्हणजे संकटाच्या तयारीची कवायत, येते. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की लाइफ जॅकेट घालून ठरल्या जागी हजर.

केबिन खालच्या डेकवर, बहुधा दोघांत एक, खिडकी नाही. बंकला, म्हणजे झोपायच्या फळीला, पडदा असतो, तो ओढला की तेवढीच स्वतःची जागा. खिडकी नसल्यामुळे दिवस की रात्र ते घड्याळच सांगतं, आणि जगाच्या फेरीत घड्याळही स्थिर नसतं. बोट पश्चिमेकडे चालली असेल तर दर काही दिवसांनी घड्याळ तासभर मागे घेतात, पोरांना तासभर जास्त झोप मिळते. पूर्वेकडे चालली तर तोच तास जातो, आणि सकाळचा नाश्ता काही उशिरा होत नाही. पॅसिफिकमध्ये तारीख जिथे बदलते ती तारीखरेषा पश्चिमेकडे ओलांडताना तर एक अख्खा दिवस कॅलेंडरवरून नाहीसा होतो. वाढदिवस नेमका त्या तारखेला आला की तो आदल्या रात्रीच साजरा करायचा.

म्हणून तुमचा फोन. नंदगडला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा फेब्रुवारीत सिडनीला पहाटेचे अडीच झालेले असतात. तो रागावलाय किंवा काही लपवतोय असं मनात आणू नका, त्याचे ते सहा तास चालू असतात. तुम्ही व्हॉइस मेसेज टाकून ठेवा. गावात काय चाललंय, पाऊसपाणी, म्हैस व्याली का, सगळं सांगा, तो सवडीने ऐकेल. बोलायचंच असेल तर बोट तिकडे असेपर्यंत सकाळी दहा-साडेदहाला करून बघा. बोट पुढे सरकली की ही वेळ बदलेल, ती त्यालाच विचारा.

बंदरात लागल्यावर प्रत्येकाला उतरता येत नाही. आग-अपघाताला तोंड द्यायला ठरावीक माणसं बोटीवर थांबावी लागतात, आणि ती पाळी त्याच्यावरही येणारच. सिडनीचा फोटो आला नाही म्हणून खट्टू होऊ नका. आणखी एक सांगून ठेवतो : प्रवासी एप्रिलमध्ये उतरतील, पण गॅलीतल्या पोरांचं काँट्रॅक्ट साधारण आठ-नऊ महिन्यांचं असतं. तो नेमका कधी सुटणार ते आताच विचारून घ्या, उगाच मे महिन्यात वाट बघत बसाल.

जेवणाची काळजी नको. क्रू मेसमध्ये, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, भात-आमटी मिळते, बोटीवर आपल्याकडची पोरं पुष्कळ असतात. कुंदा मात्र पाठवू नका. दुधाची मिठाई ती, पोचेपर्यंत टिकणार नाही, शिवाय तो मुलगा ऑस्ट्रेलियात बोट पकडणार असेल तर दुधाच्या पदार्थांबाबत तिथली तपासणी फार कडक आहे आणि न सांगता नेलं तर मोठा दंड होतो. चटणी द्या, पण दुकानातली, सीलबंद, नाव छापलेली, आणि विमानतळावरच्या फॉर्मवर ती लिहायला त्या मुलाला बजावून सांगा.