मेदवेद : मध 'जाणणारा' नव्हे, मध खाणारा

रशियन 'मेदवेद' म्हणजे अस्वल. हा 'मधु' आणि 'वेद' यांचा समास का, आणि त्याच्या आदिस्लाव (सगळ्या स्लाव भाषांच्या मूळ भाषेतल्या) रूपाची षष्ठी काय, अशी पृच्छा आहे.

समास आहे, पण 'वेद' नाही! 'मध जाणणारा' ही लोकव्युत्पत्ती रशियनांतही चालते. आपल्याकडे तर 'वेद' दिसला की पुढचं कुणी तपासत नाही. 'वेद' असता तर व्यंजनाआधी जोडस्वर 'ओ' आला असता, जसा 'वोदोपाद' (धबधबा) मध्ये येतो. खरी फोड मेदु + एद. एद म्हणजे आपला अद्, खाणे. स्वरापुढे उ चा व झाला, म्हणजे सरळ यण्-संधी. ऋग्वेदात (१.१६४.२२) पक्ष्यांना 'मध्वदः' म्हटलंय, घटक तेच, जोडणीही तीच.

आता खरी गंमत. मधु मध्ये ध, अद् मध्ये द. स्लावमध्ये दोन्हींचा द झाला, तरी फरक पुसला गेला नाही, तो मागच्या स्वरात उतरला: मूळ द च्या आधीचा स्वर दीर्घ, ध च्या आधीचा ऱ्हस्व. म्हणून या एकाच शब्दात पहिला ए ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. हाच भाषाशास्त्रज्ञ वेर्नर विंटरचा नियम. तो न मानणारे म्हणतात, खाण्याच्या धातूत दीर्घ स्वर आधीपासूनच होता. मग सद् चं स्लाव रूप 'सेस्ती' (बसणे) दीर्घ का? आणि मूळ ध असलेलं 'वेस्ती' (नेणे, आपल्या 'वधू'तला धातू) ऱ्हस्व का? प्रत्येक शब्दाला वेगळी सबब देण्यापेक्षा एक नियम बरा. तो सोडायचं मला काहीच कारण दिसत नाही.

अस्वलाचं जुनं नाव, आपला ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, स्लावांनी टाकलं. जनावराचं नाव घेतलं की ते येतं, ही भीती त्यामागे मानतात.

राहिली षष्ठी. आदिस्लाव शब्द 'अग्नि'सारखा इकारान्त पुल्लिंगी. प्रथमेत शेवटी अतिऱ्हस्व इ; षष्ठी, चतुर्थी, सप्तमी या तिन्हींच्या एकवचनात एकच 'मेदवेदी'. तृतीया 'मेदवेदिमि', प्रथमा बहुवचन 'मेदवेदिये'. आजच्या रशियनमधली षष्ठी 'मेदवेद्या' पाहून मूळ रूप बांधू नका. ती नामांच्या दुसऱ्या रूपगणातून आली. पुल्लिंगी जुनी षष्ठी तिथे 'पूत' (वाट) या शब्दातच टिकली : 'पुती'. चेकमध्ये तर शेवटच्या द ची मृदू, य-छटा जाऊन तो कठोर झाला, म्हणून 'मेदव्येदा'.